माइकसाठीं पुण्याची एक फेरी

प्रवासवर्णन म्हटलें कीं काशी-रामेश्वर, निदान गिरनार तरी, अशी वाचकांची अपेक्षा असते. आमचा प्रवास वाईहून पुण्याच्या तुळशीबागेपर्यंत आणि तेथून बुधवारांतील तपकीर गल्लीपर्यंतचा, एका दिवसाचा. आणि त्याचें प्रयोजन म्हणाल तर साडेचार वर्षांच्या नातीस खेळावयास एक स्वस्तसा माइक आणणें, एवढेंच. पण गेलों एका कामास आणि गांठीं बांधून आणलें दुसरेंच, म्हणून ही हकीकत लिहून काढीत आहों.

मूळ सांगितलें पाहिजे. आमच्या वाईस माघ महिन्यापासून कृष्णाबाईचे उत्सव सुरू होतात. सात घाटांचे सात उत्सव. एक आटोपला कीं दुसऱ्या आळीचा. नदीकांठीं मांडव पडतात. पालखी, कीर्तन, प्रसाद, सर्व यथासांग होतें. गेल्या उत्सवांत आमच्या नातीचें लक्ष ना कीर्तनकारांकडे होतें, ना प्रसादाकडे. मांडवाच्या खांबाशीं उभे राहून, हातांतील माइकावर 'भाविकांनीं चपला रांगेंत ठेवाव्यात' असें दर पांच मिनिटांनीं बजावणारे एक गृहस्थ तिच्या मनांत भरले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ताकाची रवी नाहींशी झाली. शोध घेतां ती माजघरांत सांपडली. रवीचें बोंड ओठांशीं धरून आमची नात पाटावर उभी होती आणि घरांतील अकरा माणसांच्या चपलांची व्यवस्था लावीत होती.

पुढें सूचनांचा विस्तार झाला. नळाला पाणी आलें, दूधवाले आले, काकूचा फोन वाजतो आहे, इत्यादि. 'आजोबांनीं चहा घेऊन जावा' ही सकाळची ठरलेली सूचना. ती आम्ही फारशी मानीत नसूं आणि चहा निवून जाई. वर्तमानपत्रांत डोकें असलें म्हणजे लक्ष जात नाहीं, अशी आमची समजूत होती. मग ती येऊन गुडघ्यावर रवीचा एक टोला देई.

मार्गशीर्षांत त्या रवीची दांडी फुटली. नवी रवी आली, पण सौभाग्यवतींनीं ती फळीवर उंच ठेवली आणि रात्रीं जेवणें झाल्यावर घरांत विषय निघाला. धाकटे चिरंजीव म्हणाले, "फोनवरून मागवूं, दोन दिवसांत दारांत येईल." थोरल्या सूनबाईंचें म्हणणें पडलें, "बाबा, वस्तु हातांत घेऊन पाहिल्याशिवाय नको. आवाज कमी-जास्त करतां आला पाहिजे, नाहीं तर शेजारचे उद्यां दारांत येतील." सौभाग्यवती म्हणाल्या, "आणि पांचशेंच्या वर एक रुपया जातां कामा नये. चार दिवसांचें वेड आहे." आम्हांस एका स्नेह्यांच्या षष्ट्यब्दपूर्तीनिमित्त पुण्यास जावयाचेंच होतें. नऊ वर्षांच्या थोरल्या नातवास नाताळची सुटी होती. त्यास बरोबर घेतलें.

सकाळच्या एस.टी.नें निघालों. सुरूरला हमरस्ता लागला. पुढें खंबाटकीचा बोगदा, शिरवळला नीरेचा पूल, मग कात्रज. नव्वद किलोमीटरांची ही वाट आम्हीं इतक्या वेळां केली आहे कीं डोळे मिटूनही गांव ओळखावें. बोगद्यांत शिरल्यावर नातवानें कांहीं तरी विचारलें. आम्हीं मान डोलावली. तो पुन्हां विचारूं लागला तेव्हां 'बाहेर पडल्यावर सांगतों' म्हणून वेळ मारून नेली. गाडीचा खडखडाट, दुसरें काय!

स्वारगेटास उतरून मंडईपर्यंत चालत जाण्याची आमची जुनी पद्धत. या खेपेस नातवाच्या हट्टानें भुयारी मेट्रोनें गेलों. २०२४ च्या सप्टेंबरांत ही वाट स्वारगेटपर्यंत सुरू झाली. स्वारगेट ते मंडई एकच स्थानक. सरकत्या जिन्यांनीं खालीं उतरून पुन्हां वर येण्यास जितका वेळ, त्याहून गाडींतला कमी. डबा मोठा झकपक. मात्र गाडींतील सूचना आम्हांस अगदीं पुसट वाटल्या. "एवढे पैसे खर्च करून एक शब्द धड कळत नाहीं," असें आम्हीं म्हटलें. नातवानें ती सूचना मराठींतून व मग हिंदींतून, जशीच्या तशी म्हणून दाखविली. मुलांची ग्रहणशक्ति मोठी, असें वाटून आम्हांस कौतुकच वाटलें.

वर आलों तों समोर मंडईची जुनी इमारत. मधला उंच मनोरा आणि त्यापासून फुटलेल्या पाखी. १८८६ सालीं ही 'रे मार्केट' या नांवानें उघडली. नगरपालिकेचे सभासद असतांना जोतीराव फुले यांनीं या बांधकामाच्या खर्चास विरोध केला होता. हा पैसा शिक्षणाकडे लावावा, असें त्यांचें मत होतें. पुढें मंडईस त्यांचेंच नांव दिलें गेलें. शाळामास्तरास या गोष्टीचा विसर पडत नाहीं. आवळे आणि ओल्या हळदीच्या वासांतून वाट काढीत आम्ही तुळशीबागेंत शिरलों.

नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनीं पेशवाईंत बांधविलेलें राममंदिर आंत शांत उभें आहे. बाहेर मात्र बांगड्या, पर्सा, देवांचीं उपकरणीं आणि खेळणीं यांचा नुसता पूर. आमच्या बहिणीची पितळी भातुकली येथलीच. चूल, पातेलीं, जातें, आणि अंगठ्याएवढी रवीसुद्धां! ती भातुकली अजून आमच्या कपाटांत आहे, आणि तिनें कधीं आवाज केला नाहीं.

पहिल्या दुकानांत माइक मागतांच दुकानदारांनीं सहा-सात प्रकार पुढें मांडले. बहुतेक सर्व एकाच कुळींतले : दांड्याच्या वरच्या टोकास जाळीचें डोकें, त्याखालींच दांड्यांत बसविलेला कर्णा, आंत भरावयाची बॅटरी, आणि लाल-निळे दिवे. फोनवरील गाणें ब्लूटूथनें त्यांत येतें व वर आपण गावयाचें. किंमत तीनशेंपासून पुढें. खोक्यावर आय.एस.आय. चिन्ह कोठें दिसेना. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर हें चिन्ह सक्तीचें आहे. विजेच्या खेळण्यांस आय.एस. १५६४४, इतरांस आय.एस. ९८७३ हें मानक लागू होतें. धाकट्या चिरंजीवांनीं हें सर्व आम्हांस कागदावर लिहून दिलें होतें. तें वाचून दाखवितांच दुकानदार हंसून म्हणाले, "काका, हें खेळणें नाहींच. ही इलेक्ट्रॉनिक वस्तु आहे." समोर बाहुल्या, मागें मोटारी, वरच्या खोक्यावर अस्वलाचें चित्र, आणि ही वस्तु खेळणें नव्हे! इतका सुबक छल आम्हीं न्यायाच्या ग्रंथांतही पाहिला नाहीं.

दुसरा प्रकार हाताच्या पंजाएवढा, ऐंशीं रुपयांचा, कळ दाबतांच कर्कश गाणें म्हणणारा. तो उलटा केला तों तळाचें झांकण नखानें उघडलें व आंत शर्टाच्या गुंडीएवढ्या तीन चपट्या बॅटऱ्या दिसल्या. आम्हीं तो तत्काळ खालीं ठेवला. ही गुंडी-बॅटरी मुलानें गिळली व अन्ननलिकेंत अडकली तर दोन तासांच्या आंत तेथें खोल भाजते. ज्या खेळण्याचें बॅटरीचें झांकण स्क्रूनें आवळलेलें नाहीं, तें लहान मूल असलेल्या घरांत आणूंच नये. मग तें कितीही स्वस्त असो.

तिसरी वस्तु दुकानदारांनीं जराशी संकोचानेंच काढली. पोकळ प्लॅस्टिकचा माइक. बॅटरी नाहीं, दिवा नाहीं, वायर नाहीं. डोक्याच्या आंत एक पातळ पडदा ताणलेला आणि त्यास दांड्याच्या पोटांत सोडलेली तारेची लांब स्प्रिंग. तोंडाजवळ धरून बोललें कीं पडदा थरथरतो, तें कंपन स्प्रिंगेंतून खालीं जातें, टोकास आपटून माघारें येतें, पुन्हां जातें. आणि आपलेंच बोलणें विहिरींत बोलल्यासारखें घुमत कानीं येतें. नातवानें त्यांत तोंड घालून आपलें नांव उच्चारलें व तो खुदकन हंसला. आम्हीं माहेश्वर सूत्रें म्हणून पाहिलीं. कांहीं तरी घुमलें खरें, पण फारसें नाहीं. "यांत दम नाहीं," असा शेरा देऊन आम्हीं तो बाजूस सारला.

लक्ष्मी रस्ता ओलांडून बुधवारांत गेलों. पासोड्या विठोबाचा परिसर आतां फोनच्या दुकानांनीं वेढलेला आहे, आणि तपकीर गल्ली म्हणजे विजेच्या व ध्वनीच्या सामानाचें माहेर. दोहों बाजूंस वायरींच्या गुंडाळ्या, कर्णे, बल्ब, आणि वर पाहिलें तर आकाशाची एक चिंधी. एका अरुंद दुकानांत सत्तरीच्या घरांतले एक गृहस्थ डोळ्यास भिंग लावून कांहीं जोडीत बसले होते. त्यांस आम्हीं आमची गरज सांगितली. त्यांनीं भिंग काढलें आणि माइकाचें पोटच उघडून दाखविलें. शिक्षकी पेशांत नसून इतकें चांगलें शिकविणारा मनुष्य आम्हीं विरळाच पाहिला.

लोक माइकास ध्वनिक्षेपक म्हणतात. वास्तविक क्षेपण करतो तो कर्णा. माइक ध्वनि घेतो, म्हणून तो ध्वनिग्राहक. (ही आमची पुस्ती, खोड जात नाहीं.) गृहस्थांनीं सांगितलेलें थोडक्यांत असें : सभेंत दिसणारा जाडजूड माइक बहुधा डायनॅमिक. त्यांत पडद्यास तारेचें वेटोळें चिकटविलेलें असतें व तें लोहचुंबकापाशीं हलतें. हलण्यानें वीज उपजते. हा दांडगा, पडला तरी बहुधा वाचतो. दुसरा कंडेन्सर, त्यांतला इलेक्ट्रेट जातीचा १९६२ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जेम्स वेस्ट व गेऱ्हार्ड सेस्लर यांनीं काढला. तो इतका लहान व स्वस्त होऊं शकला कीं पुढें बहुतेक फोनांत व खेळण्यांत तोच बसला. ग्राहक आणि कर्णा जवळ आले, कीं कर्ण्याचा आवाज पुन्हां ग्राहकांत शिरतो, वाढून बाहेर पडतो, पुन्हां शिरतो. मांडवांत अकस्मात ऐकूं येणारी ती किंकाळी यामुळेंच. दोन्ही एकाच दांड्यांत कोंबलेले ते तुळशीबागेंतले माइक वारंवार किंचाळतात, त्याचेंही कारण हेंच.

आम्हीं म्हटलें, "मग चांगलासा डायनॅमिक दाखवा. आवाज मात्र नीट हवा. तुळशीबागेंतल्या एकाचा घुमारा फार क्षीण होता."

त्यांनीं वायरीचा एक माइक लहानशा पेटीस जोडला व कळ फिरविली. आम्हीं बोललों. "आणखी थोडा." त्यांनीं वाढविला. "अजून पुसट आहे. थोडा आणखी." त्यांनीं आमच्याकडे एकवार पाहिलें आणि आणखी वाढविला. आतां कोठें आम्हांस आपला आवाज मनासारखा ऐकूं आला. "हं, असा!" म्हणून आम्हीं वळून पाहिलें, तों नातू दोन्ही कानांत बोटें घालून दुकानाच्या पायरीवर उतरलेला, आणि समोरच्या दुकानांतले दोघे आमच्याकडे पाहताहेत.

नातू म्हणाला, "आजोबा, बंद करा ना. तुम्हांला ऐकूं येत नाहीं म्हणून तुम्ही मोठा करतां."

त्याच्या बोलण्यांत उद्धटपणा नव्हता. घरांत सर्वांस ठाऊक असलेली गोष्ट जशी सांगावी, तशी त्यानें ती सांगितली. "बोगद्यांत मी तुम्हांला तीनदां विचारलें," तो पुढें म्हणाला, "आणि तिच्या चहाच्या सूचनेला तुम्ही कधींच 'ओ' देत नाहीं. ती रोज ओरडते."

गृहस्थांनीं पेटी बंद केली, आम्हांस स्टूल दिलें व चहा मागविला. नंतर ते हळूच, परंतु आमच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाले, "काका, वयाप्रमाणें आधीं वरचे सूर जातात. माझेही थोडे गेले आहेत, म्हणून आवाज किती ठेवायचा तें मी मुलाला विचारून ठरवितों." वरचे सूर म्हणजे बालकांचे व स्त्रियांचे पातळ आवाज, आणि व्यंजनांत म्हणाल तर स, श, फ, थ हीं अघोष, केवळ श्वासानें होणारीं अक्षरें. स्वर टिकतात. म्हणून बोलणें चालू आहे हें कळतें; काय बोललें तें कळत नाहीं.

वाचकहो, आम्हीं चौतीस वर्षें संस्कृत शिकविलें. ऊष्म वर्ण हा आमच्या अभिमानाचा विषय. निवृत्तीच्या आदल्या वर्षीं पाठांतराच्या स्पर्धेंत सातवींतल्या एका मुलीच्या कागदावर 'ऊष्म वर्णांचे उच्चार अस्पष्ट' असा शेरा मारून आम्हीं दोन गुण कापले होते. तिचा पहिला क्रमांक त्या दोन गुणांनीं गेला. ती टेबलाशीं येऊन म्हणाली होती, "सर, मी 'स' म्हटला होता." आम्हीं उत्तर दिलें होतें, "म्हटला असशील. ऐकूं यावयास हवा ना?" तपकीर गल्लींत त्या स्टुलावर बसून आम्हांस तें वाक्य शब्दशः आठवलें. चहा तसाच निवाला. त्या वर्षीं आणि त्याच्या पुढच्या वर्षींही, 'हल्लींच्या मुलांचे उच्चार फार सैल झाले आहेत' असें शिक्षकांच्या खोलींत आम्हीं किती वेळां म्हटलें असेल, याची गणती नाहीं.

गृहस्थांनीं मुळींच घाई केली नाहीं. मग त्यांनीं विचारलें, "मूल किती वर्षांचें?" साडेचार म्हणतांच त्यांनीं पेटी उचलून फळीवर ठेविली. "ही विकली तर मला दोन हजार मिळतील, पण नका नेऊं. तिला आवाज मोठा करायचाच नाहींये; तिला हातांत धरायला कांहीं तरी हवें आहे." दांड्यांत कर्णा असलेले माइक मुलांस कां नकोत, हेंही त्यांनीं फोड करून सांगितलें. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज सुमारें सहा डेसिबल उतरतो. मोठ्या माणसानें माइक हातभर दूर धरला तर गोष्ट वेगळी. चार वर्षांच्या मुलाचा हात तो केवढा! तें माइक ओठांस लावतें, म्हणजे कर्णा कानापासून वीतभर. आणि त्याची कळ कोण फिरवितो? आमच्यासारखा आजोबा! जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं कानास लावून ऐकण्याच्या साधनांसाठीं जें मानक काढलें, त्यांत मोठ्यांस आठवड्यांत चाळीस तास ऐंशीं डेसिबल, तर मुलांस तितक्याच तासांस पंचाहत्तर, अशी मर्यादा धरली आहे. ही मोजणी आंकड्यांच्या साध्या बेरजेची नव्हे. दहा डेसिबल वाढले कीं ध्वनीची शक्ति दसपट होते.

आम्ही परत तुळशीबागेंत गेलों. तो स्प्रिंगेचा माइक पहिल्या दुकानीं साठ रुपयांस होता, परंतु त्यावर चिन्ह नव्हतें. पुढच्या दुकानीं चिन्ह असलेला, कडा घासून गोल केलेला, नव्वदास मिळाला. डोकें ओढून पाहिलें, पिळून पाहिलें, निघालें नाहीं. स्प्रिंग बाहेर येण्यास कोठें फट नाहीं, तेंही पाहिलें. आवाजाची परीक्षा या खेपेस आम्हीं केली नाहीं, नातवाकडे दिला. तो त्यांत कांहीं तरी पुटपुटला व म्हणाला, "पुष्कळ घुमतो, आजोबा."

समारंभ आटोपून दुसऱ्या दिवशीं वाईस आलों. माइक पाहतांच नात पाटावर चढली. आम्ही समोर बसलों होतों. ओठ हलले, तिचे डोळे मोठे झाले, आपलाच घुमारा ऐकून ती हंसली, पुन्हां बोलली. सर्वजण टाळ्या वाजवूं लागले. आम्हांस लांबून एक गुंगाट तेवढा कळला. पूर्वीं असे प्रसंगीं आम्ही 'वाहवा!' म्हणून मोकळे होत असूं. या खेपेस म्हटलें, "मला ऐकूं आलें नाहीं." घरांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. सौभाग्यवतींनीं पदरानें चष्मा पुसावयास घेतला. धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "बाबा, सोमवारीं साताऱ्याला जाऊं या. मी चार महिने म्हणतें आहें." चार महिने म्हणत होत्या, तेंही आम्हीं ऐकलें नव्हतें.

साताऱ्यास कांचेच्या खोलींत बसवून, कानांत एकेक सूर सोडून परीक्षा झाली. २५० हर्ट्झपासून ८००० पर्यंतचा तो आलेख. डावीकडे बरा, आणि उजवीकडे, जेथें ऊष्म वर्णांचें राज्य, तेथें कड्यावरून पाणी पडावें तसा खालीं गेलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हें एका वर्षांत झालेलें नाहीं. सात-आठ वर्षें तरी चाललें असावें. आम्हीं मनांतल्या मनांत हिशेब केला. तो बरोबर जमला.

त्या मुलीचा पत्ता शाळेंतून मिळाला. ती आतां पुण्यास शिकते. तिला एक पत्र लिहिलें आहे. संस्कृतांत लिहावयास घेतलें होतें, पण मराठींतच पुरें केलें.

यंत्र कानामागें बसलें त्यास आतां तीन आठवडे झाले. बोटाच्या पेऱ्याएवढी ती वस्तु. त्यांत दोन माइक आहेत, एक पुढून ऐकणारा, एक मागून. ही बातमी नातवानें नातीस सांगितली. तेव्हांपासून नव्वद रुपयांचा माइक फळीवर नव्या रवीशेजारीं पडून आहे. सकाळीं ती पाट आणून आमच्या खुर्चीस टेकविते, त्यावर चढते, आमचा कान धरून यंत्राच्या अगदीं जवळ तोंड आणते आणि सांगते कीं आजोबांनीं चहा घेऊन जावा, व चपला रांगेंत ठेवाव्यात.